सुंठीच्या चहाला सुंठीचाच चहा म्हणा

मराठी घरात 'मसाला' हा शब्द एकटा फिरत नाही. गोडा मसाला, काळा मसाला, मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला. आधी विशेषण लागल्याशिवाय त्याला डब्यात जागा मिळत नाही. "मसाला घाल" असं कुणी म्हणालं, तर शेगडीपाशी उभं असलेलं माणूस आधी विचारतं, "कुठला?" चहाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपण विचारेनासे झालो आहोत. 'मसाला चहा' एवढं म्हटलं की सगळ्यांना सगळं कळलं असं धरून चालतात. विमानातल्या ट्रेवर, हॉटेलच्या मेनूकार्डावर, दुकानातल्या पाकिटावर, आणि आता इंग्रजीत गेलेल्या आपल्या कथा-कादंबऱ्यांतही हेच एक नाव.

मला या नावाशी भांडायचं आहे. मी भाषांतरं करते, मराठीतून इंग्रजीत आणि बंगालीतून मराठीत. शब्द तपासून घेणं हा माझा धंदा आहे. शिवाय गेले अठरा हिवाळे मी दिल्लीत काढले आहेत. इथे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, घरं मात्र उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, आणि गॅसची शेगडी ही घरातली सगळ्यात उबदार जागा. म्हणजे चहाशी माझा संबंध धंद्याचाही आहे आणि गरजेचाही. या दोन्ही नात्यांनी माझं म्हणणं असं: 'मसाला चहा' हे नाव आज ज्या सरसकट अर्थाने चालतं, त्यातून काहीच कळत नाही. उलट जे कळायला हवं ते झाकलं जातं. कोणत्या ऋतूतला चहा, कुणाच्या घरातला, दूध होतं की नव्हतं, आलं होतं की संपलं होतं, हे सगळं त्या एका शब्दाखाली गडप होतं.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात वाढले. महाराष्ट्रात थंडी पडली की वर्तमानपत्रांत निफाडचा पारा छापून येतो आणि द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. तिथे आमच्या घरात 'मसाला चहा' असं कुणी म्हणत नसे. म्हणत ते असं: आल्याचा चहा, सुंठीचा चहा, गवती चहा घातलेला चहा, वेलदोड्याचा चहा, कोरा चहा. प्रत्येकाला कारण असे. आलं रोजचं. आलं महागलं किंवा कुणाचा घसा धरला की सुंठ. गवती चहा मोरीच्या पाण्यावर परसात फुकट वाढे, म्हणून पाऊस लागला की पात तोडून आणायची. वेलदोडा पाहुण्यांसाठी. दाणे चहात जात आणि सालं साखरेच्या डब्यात, म्हणजे पुढचे आठ दिवस साखरेलाच वास. कोरा चहा दूध नासलं तर, किंवा घरातलं सगळं दूध डेअरीला गेलं तर. चहाचं नाव घेतलं की घरची परिस्थिती कळे, आणि पाहुण्यालाही कपाच्या वासावरून आपली किंमत कळे.

हे काही मराठी मुलखाचंच वैशिष्ट्य नाही. तमिळ घरांत सर्दी-पडशाला 'सुक्कु काप्पी' करतात, म्हणजे सुंठीची कॉफी. तीत पुष्कळदा कॉफी नसतेच. सुंठ, धणे, मिरे आणि ताडगूळ असतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर धणे-जिरे भाजून केलेल्या पुडीचा 'कषाय' होतो, गूळ आणि दूध घालून. गुजरातेत चहात पुदिना पडतो आणि 'लीली चा' पडते. 'लीली चा' म्हणजे शब्दशः हिरवा चहा, पण ती असते आपली गवती चहाची पात. नुसता शब्दकोश उघडून काम करणारा भाषांतरकार इथे हमखास ग्रीन टी ओततो. काश्मिरी कहव्यात दालचिनी, वेलदोडा, केशर, बदाम असतात आणि दूध नसतं. तिथल्याच 'नून चाय'मध्ये दूध असतं, पण साखरेच्या जागी मीठ, शिवाय सोडा, आणि रंग गुलाबी. लडाखात लोणी आणि मीठ घालून चहा घुसळतात. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकत असताना मी कोलकात्यात दोन वर्षं 'लिकर' प्याले, म्हणजे बिनदुधाचा चहा. आणि बंगालीत चहा 'पीत' नाहीत, 'खातात', हेही तिथेच शिकले.

चहाचे शब्दसुद्धा एका वाटेने आलेले नाहीत. हिंदीतल्या 'चाय'चा 'य' फारसीतून, खुष्कीच्या मार्गाने आला. पोर्तुगीजांनी मकावच्या बंदरात ऐकलेल्या शब्दात तो 'य' नव्हता. तमिळ 'तेनीर'मधला 'ते' चीनच्या फूचिएन किनाऱ्यावरचा, तोच जो इंग्रजीत जाऊन 'टी' झाला. बंगालीत आणि गुजरातीत 'चा', पंजाबीत 'चाह', मल्याळममध्ये 'चाया', कन्नडमध्ये आणि मराठीत 'चहा'. हिंदीत चाय बनती है, मराठीत चहा होतो. लिंगसुद्धा जुळत नाही. एवढ्या वेगवेगळ्या दारांतून आत आलेल्या वस्तूला जगापुढे नेताना आपण एकच नाव, एकच कृती आणि एकच इतिहास चिकटवतो, आणि वर त्याला परंपरा म्हणतो.

इथे कुणी म्हणेल, खरा गुन्हा तर परदेशी कॅफेवाल्यांचा. ते 'चाय टी' म्हणतात, म्हणजे चहा-चहा. या विनोदावर हसून हसून आपले जबडे दुखले, पण मला त्यात काही वावगं दिसत नाही. आपणही 'पावरोटी' म्हणतोच. 'पाव' हा पोर्तुगीज शब्द, त्याचा अर्थ रोटी. म्हणजे पावरोटी म्हणजे रोटी-रोटी. परका शब्द घरात घेताना त्याला ओळखीच्या शब्दाचा हात धरायला देणं ही सगळ्याच भाषांची रीत आहे. 'चाय टी'ने कुणाचं काही हरवत नाही. हरवतं ते 'मसाला चाय'ने, आणि हा शब्द परदेशी कॅफेवाल्यांनी लादलेला नाही. तो आपण पुरवला आहे.

काय हरवतं, त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मी एका मराठी कथेचं इंग्रजी भाषांतर केलं. कथेत ऊसतोडीला आलेलं जोडपं आहे. डिसेंबरची पहाट, कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्या, गाडी भरायची वेळ झालेली. बाई तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा कोरा चहा ठेवते, पदराच्या गाठीतला सुंठेचा तुकडा दगडाने ठेचते आणि आधणात टाकते. नवऱ्याला ताप आहे. तेवढ्यात मुकादम येतो, चहा बघतो आणि म्हणतो, "दुधाचा कर की." ती काही बोलत नाही. उचल फिटलेली नाही हे वाचकाला ठाऊक असतं, मुकादमालाही ठाऊक असतं. त्या एका वाक्यात मुकादम तिला तिची पायरी दाखवून देतो. कथा तिथेच आहे.

भाषांतर छापून आलं तेव्हा पहिल्या परिच्छेदात 'मसाला चाय' होता. मी लिहिलं होतं ते सरळ होतं: कोरा चहा, गूळ, सुंठ. इंग्रजी प्रकाशनाच्या संपादकांनी कळवलं, की वाचकांना 'मसाला चाय' माहीत आहे, तीन तपशिलांपेक्षा एक ओळखीचा शब्द बरा, शिवाय त्यात भारतीय वातावरणही येतं. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका संपादकाचा नाही. परिणाम मात्र बघा. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर वाफाळता, दुधाळ, वेलदोड्याच्या वासाचा कप आला, आणि पुढच्या पानावर मुकादम "दुधाचा कर" म्हणतो ते त्याला कळेनासं झालं. चहात दूध तर आहेच की! कोपीतल्या त्या बाईला दूध मिळालं ते भाषांतरात, आणि तिची कथा त्या दुधात बुडाली.

यावर ठरलेलं उत्तर असं असतं: तुम्ही किस काढता, चहा तो चहा. या उत्तरात मला आळस दिसतो. कुठल्याही फ्रेंच कादंबरीत वाइन कोणत्या गावची हे लिहिलेलं असतं आणि आपण ते गाव नकाशात शोधतो. रशियन समोवारला कुणी 'चहाची किटली' म्हणत नाही. मग सुंठ एवढी कठीण का वाटावी? इंग्रजीत सुंठेला शब्द आहे, गुळाला आहे, कोऱ्या चहाला आहे. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्या लेखनातून परक्या वाचकाला नेमकी माहिती नको असते, वातावरण हवं असतं, आणि ते पुरवायला आपण उत्सुक असतो.

आता परंपरेकडे वळू. पाकिटांवर आणि पाककृतींच्या प्रस्तावनांत सर्रास वाचायला मिळतं, की मसाला चहा हजारो वर्षांचा आहे, कुठल्यातरी राजाच्या दरबारातला आहे, आयुर्वेदातला आहे. आयुर्वेदात सुंठ आहे, मिरे आहेत, पिंपळी आहे. या तिघांचं मिळून 'त्रिकटु' हे नावही आहे. काढे आहेत, उकाळे आहेत. चहाची पत्ती नाही. ईशान्येकडच्या सिंगफो लोकांना हे झाड आधीपासून ठाऊक होतं आणि बांबूच्या नळीत धुरावलेला त्यांचा 'फालाप' आजही होतो, हे खरं. पण त्यात दूध, साखर, वेलदोडा काही नसतं. दूध-साखरेचा चहा आपल्या बहुसंख्य घरांत येऊन शंभर वर्षंही धड झालेली नाहीत.

पुण्याचंच बघा. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांची नावं पुढे छापली गेली आणि केवढं ग्रामण्य माजलं! टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावं लागलं. आक्षेप मिशनऱ्यांच्या हातचं घेण्याला होता हे मान्य. पण ज्या कपाने माणसं वाळीत टाकायची वेळ आणली, त्याच कपाला आज 'सनातन आतिथ्य' म्हणून पुढे करताना थोडी लाज वाटायला हवी. पुढे हॉटेलं निघाली, चहा गावोगावी पोचला, आणि दलितांसाठी वेगळा, कान तुटलेला कप बाहेर वळचणीला राहिला. मराठी दलित आत्मकथनं वाचलेल्या कुणालाही तो कप ठाऊक आहे. चहाने माणसं जोडली असं लिहिताना तो कपही मोजावा लागतो.

मग हा चहा घरोघर आला कसा? जाहिरातीने. १९०३ मध्ये इथल्या सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसवला. तो पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. पुढे देशातल्या देशात गिऱ्हाईक तयार करण्याची मोहीम निघाली. रेल्वे स्थानकांवर आणि बाजारांत निरनिराळ्या भारतीय भाषांत पाट्या लागल्या: चहा कसा करावा. ताजं पाणी उकळा, भांडं गरम करून घ्या, माणशी एवढी पत्ती मोजून टाका, पाच मिनिटं मुरू द्या, मग कपात दूध-साखर घाला. त्या पाट्यांवर मसाला नव्हता. उलट, रस्त्यावरचे चहावाले दूध, साखर आणि मसाला वाढवून पत्ती कमी टाकतात, ही या व्यापाऱ्यांची तक्रार होती. साधा हिशोब होता: आल्याचा तुकडा जितकं काम करेल, तितकी पत्ती कमी खपेल.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त रस आहे. आपण ज्याला मसाला चहा म्हणतो, तो गरिबीने आणि हुशारीने केलेला पाठभेद होता. कंपनीने एक संहिता छापून दिली आणि वापरणाऱ्यांनी ती आपल्या भाषेत वळवून घेतली. महागडी पत्ती कमी, परसातलं स्वस्त काहीतरी जास्त, सगळं एकाच पातेल्यात, आणि मुरवण्याऐवजी खळखळून उकळी. नंतर सीटीसी आला. पान चिरडून, फाडून, त्याच्या गोळ्या करणारं हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत त्याचा चहा देशभर पसरला. तो स्वस्त, चमचाभरात दाट रंग देणारा, दुधातही न हरणारा. आज आपण जो चहा उकळतो तो या यंत्राशिवाय झाला नसता. पुण्याचा 'अमृततुल्य' चहासुद्धा राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेल्यांत रुजवलेला आहे. यात कमीपणा कुठेच नाही. चांगली भाषांतरं अशीच होतात, माणसं गाव बदलतात तेव्हा.

माझी चीड पुढच्या पायरीवर आहे. ज्या व्यापाराने एकेकाळी मसाल्यावर नाक मुरडलं, तोच व्यापार आज 'अस्सल मसाला चहा' पाकिटात भरून विकतो. आधी तुम्ही आलं घालता म्हणून तुम्ही अडाणी, आता आल्याची चव आम्हीच पत्तीत मिसळून देतो म्हणून तुम्ही परंपरेचे पाईक. दोन्ही वेळा मधलं माणूस गायब, ज्याने आलं ठेचलं ते. आणि पाकिटावर हमखास 'आईच्या हातची चव'. आईचा हात पहाटे पाचला गार पाण्यात असतो, हे पाकीट सांगत नाही. मुळात ही आई कुणाच्याही घरात एकच एक चहा करत नव्हती. समोरच्याला खोकला आहे का, दूध किती उरलं आहे, बाहेर धुकं आहे की पाऊस, हे बघून तिचा हात बदलत असे. तिचं कौतुक करायचं तर या बदलणाऱ्या हाताचं करावं लागेल, आणि पाकिटातून विकता येत नाही ते नेमकं हेच.

म्हणून थंडीतला चहा घरी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की 'मूळ कृती' शोधू नका. शोधायचं ते कारण. माझ्या दिल्लीतल्या जानेवारीत दोन कपांसाठी मी असं करते: दीड कप पाण्याचं आधण, त्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून. तीन-चार मिनिटं ते पाण्यातच उकळू द्यायचं. आलं आधी आणि दूध नंतर, याला कारण आहे: कच्च्या आल्यात दूध फाडणारं पाचक द्रव्य असतं, उकळीने त्याचा जोर मोडतो. मग दोन चमचे सीटीसी, साखर, दोन मिनिटं. मग पाऊण कप दूध, आणि दोनदा वर येऊ द्यायचं. दूध चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून एवढी उकळी आपल्या चहाला सोसते. बिनदुधाचा दार्जिलिंग असा उकळलात तर तोंड आवळून येईल. वेलदोडा घालायचाच तर गॅस बंद करून, ठेचून, मिनिटभर झाकण. त्याचा वास उडून जाणारा. सुरुवातीला टाकलात तर स्वयंपाकघराला मिळतो, कपाला मिळत नाही.

कडाका वाढला, की आल्याच्या जागी सुंठ, आणि मापाने निम्मीच. सुंठ म्हणजे नुसतं वाळलेलं आलं नव्हे. वाळताना आल्यातलं तिखट द्रव्य बदलतं आणि जास्त झणझणीत होतं. आलं जिभेवर चावतं, सुंठ घशाखाली उतरून जळते. मिऱ्याचे दोन दाणे चालतात. लवंग एकच, दुसरी टाकलीत तर जीभ बधिर. धुक्यात बाहेर पडायचं असेल तर साखरेऐवजी गूळ, पण गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटायची भीती. चक्रफूल, बडीशेप, जायफळ, दालचिनी, तमालपत्र असं सगळं एकदम ओतणाऱ्या कृती वाचल्या की मला वाटतं, हा पातळ केलेला गरम मसाला आहे, चहा साक्षीला बोलावला आहे. गुजराती 'चा नो मसालो' मिश्रणच असतो, हे मला ठाऊक आहे आणि तो मला आवडतो. त्या मिश्रणाला घर आहे, प्रमाण आहे, हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं गणित आहे. माझा वाद मिश्रणाशी नाही, बेवारस मिश्रणाशी आहे.

आणि कृपा करून या कपाला औषध करू नका. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला आणि त्यानंतर प्रत्येक चहाच्या पाकिटाला 'रोगप्रतिकारशक्ती' फुटली. आलं-मिऱ्याने उबदार का वाटतं याचं साधं कारण आहे. ज्या संवेदकांमुळे आपल्याला उष्णता कळते, त्यांनाच ही तिखट द्रव्यं जागी करतात. शरीराला वाटतं, ऊब आली. गरम कप हातात असतो, वाफ नाकात जाते, घसा मोकळा होतो. थंडीतल्या सकाळी एवढं मिळालं तर पुष्कळ झालं. त्या आनंदाला आरोग्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, याचा अर्थ आनंद पुरेसा आहे यावर आपला विश्वास उरलेला नाही.

आणखी एक कप राहिला. आसामच्या मळ्यांत पानं खुडणारे मजूर कामाच्या मधल्या वेळेत चहा पितात तो लाल असतो, बिनदुधाचा, आणि त्यात मीठ असतं. घाम गाळणाऱ्या शरीराला मीठ लागतं, आणि दूध मजुरीत बसत नाही. देशाचा म्हणून जो चहा आपण मिरवतो, त्याचं पान तोडणाऱ्या बाईच्या कपात तो चहा नसतो. 'मसाला चाय हेच भारताचं पेय' असं म्हणताना ती बाई भारतात धरायची की नाही, हे आधी ठरवा.

काही मित्र म्हणतात, एक नाव असलं तर एकोपा राहतो. एवढ्या भाषांच्या देशात निदान चहा तरी सगळ्यांचा एक असू दे. हे मासिक अनेक भाषांत निघतं, म्हणून उत्तर इथेच देते. एकोपा हवा असेल तर एकमेकांचे शब्द शिकावे लागतात. 'सुक्कु काप्पी' आणि सुंठीचा चहा शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हीकडच्या वाचकाला कळतं, की आपल्याकडेही हीच सुंठ, हाच घसा, हीच थंडी, फक्त पातेल्यात पडलेलं दुसरं काही वेगळं. दोघांनाही 'मसाला चाय' म्हटलं, की दोघांनाही काही कळत नाही आणि एकमेकांना विचारायचं कारणही उरत नाही.

म्हणून भाषांतरकारांना, संपादकांना आणि पाककृती लिहिणाऱ्यांना माझी मागणी मोठी नाही. पात्राच्या हातात कप द्याल तेव्हा त्यात काय आहे ते लिहा. आलं असेल तर आलं, सुंठ असेल तर सुंठ, दूध नसेल तर नाही. वाचकाला एखादा शब्द अडला तर अडू दे. शब्द शिकल्याने आजवर कुणाला अपचन झालेलं नाही. आणि घरी कुणी "मसाला चहा घेणार?" असं विचारलं, तर हो-नाही म्हणण्याआधी मराठी स्वयंपाकघरातला तो जुना प्रश्न विचारा: कुठला?